कामगार विमा: अपंगत्व, बेकारी आणि दाव्याच्या कागदाचा इतिहास

गिरणीत काम करताना जखमी झालेल्या कामगाराचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न मुंबईच्या कामगारांनी सप्टेंबर १८८४ मध्ये सरकारपुढे लेखी मांडला. ‘दीनबंधु’चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे भरलेल्या सभेत एक निवेदन संमत झाले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्याला आपली संमती नोंदवली. त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या मागण्या होत्याच. शिवाय कामावर गंभीर दुखापत होऊन कामगार निकामी झाल्यास बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा जायबंदी झाल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी, अशीही मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा होण्यास मात्र १९२३ साल उजाडावे लागले, आणि नोकरी गेलेल्या विमेदार कामगाराला भत्ता देणारी योजना तर २००५ मध्ये आली. या दोन टप्प्यांमध्ये जे ऐंशी वर्षांहून अधिक अंतर पडले, त्याचे कारण पैशांच्या टंचाईत जेवढे आहे, तेवढेच ते शासनाच्या मोजण्याच्या पद्धतीत आहे. जे नुकसान डॉक्टर पाहू शकतो आणि कारकून नोंदवू शकतो, त्याची भरपाई आधी झाली. जे नुकसान सिद्ध करण्यासाठी ज्याने कामावरून काढले त्याच मालकाच्या कागदावर विसंबावे लागते, त्याची भरपाई सर्वांत शेवटी आणि सर्वांत तोकडी झाली.

१९२३ पूर्वी जखमी कामगाराला दिवाणी न्यायालयात जाण्याचा मार्ग नावापुरता खुला होता. परंतु तेथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार कामगारावर होता, आणि अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला किंवा जखमीने जोखीम जाणूनच काम पत्करले होते, असे बचाव मालकाला इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून उपलब्ध होते. त्यामुळे भरपाई म्हणजे मालकाची मर्जी, असेच व्यवहारात चाले. कोकणातील रत्नागिरीतून, तसेच सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून आलेला कामगार आजारी पडला किंवा हात गमावून बसला, तर तो गावी परते आणि त्याचा भार कोरडवाहू शेतावर व घरातल्या बायकांच्या कष्टावर पडे. गावाकडे जमिनीचा तुकडा आहे, तेव्हा कामगार अगदीच निराधार नाही, हा युक्तिवाद मालक आणि अधिकारी दीर्घकाळ करत राहिले, आणि बेकारीच्या विम्याचा विषय निघाला की तोच युक्तिवाद नव्या शब्दांत पुढे येई. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या राजेशाही श्रम आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, आजारपणाच्या विम्याचा विचार व्हावा असे सुचवले. राष्ट्रव्यापी बेकारी विमा मात्र त्या परिस्थितीत व्यवहार्य नसल्याचे मत त्याने दिले.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, जो १ जुलै १९२४ पासून अमलात आला, मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली आणि अपघात ‘कामातून व कामाच्या ओघात’ घडला एवढे दाखवणे पुरेसे ठरवले. या कायद्याचे सर्वांत लक्षणीय अंग म्हणजे त्याची पहिली अनुसूची, अर्थात शरीराच्या कोणत्या अवयवाची हानी झाल्यास कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे मानावे, याचा तक्ता. अनेक दुरुस्त्यांनंतर आज लागू असलेल्या तक्त्यानुसार अंगठा पूर्ण गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के, अनामिका वा करंगळी गेल्यास ७ टक्के, आणि दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के क्षमता घटली असे धरतात. असा तक्ता असल्यामुळे दावा झटपट निकाली काढता येतो आणि मालक-कामगारांतील घासाघीस टळते, हा त्याचा उघड लाभ होय. त्याचा दोषही तितकाच उघड आहे, कारण टक्केवारी अवयवाची ठरते आणि उपासमार धंद्याची होते; कापडाच्या ठाणाची घडी घालणाऱ्याची करंगळी आणि तुटलेला धागा सांधणाऱ्याची करंगळी तक्त्यात एकाच ओळीत बसतात.

या विसंगतीची दखल न्यायालयांनी हळूहळू घेतली. ओडिशातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता आणि मालकाचे म्हणणे होते की ही हानी अंशतःच आहे. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाच्या बाबतीत अपंगत्व संपूर्णच मानले पाहिजे. ‘कामाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थही असाच खटल्यांतून घडत गेला. कुर्ला स्थानकावर नोकरी करणारा आणि लगतच्या रेल्वे वसाहतीत राहणारा एक कर्मचारी मध्यरात्रीच्या सुमारास पाळीवर जाण्यास निघाला असता वाटेतच त्याचा भोसकून खून झाला. स्थानकावर जाण्याची वाट त्या वसाहतीच्या आवारातूनच होती. १९५४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी, नोकरीमुळेच तो त्या वेळी त्या जागी होता, या कारणास्तव त्याच्या विधवेचा भरपाईचा हक्क मान्य केला. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सायकलवरून कारखान्याकडे निघालेल्या आणि सुमारे एक किलोमीटर अलीकडे अपघात झालेल्या विमेदार कामगाराचा दावा फेटाळला, आणि त्यानंतर २०१० च्या दुरुस्तीने घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दाखवता आल्यास, कामावरचाच मानावा अशी तरतूद १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात करावी लागली.

नुकसानभरपाई कायद्यात दोन मोठ्या उणिवा राहिल्या. भरपाई एकरकमी मिळत असल्यामुळे ती सावकाराच्या देण्यात किंवा लग्नकार्यात लवकर संपे, आणि पैसे देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर असल्यामुळे तो प्रत्येक दाव्याला शक्य तेवढा विरोध करी. विमा हा त्यावरचा उपाय होता. बाळंतपणाच्या बाबतीत मुंबई प्रांताने १९२९ चा प्रसूती लाभ कायदा करून देशात पहिले पाऊल टाकले, आणि त्या विधेयकाच्या बाजूने मुंबई विधिमंडळात बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. ब्रिटनमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल नुकताच, १९४२ च्या अखेरीस, प्रसिद्ध झाला होता आणि त्याची चर्चा हिंदुस्थानातही होती. ऑगस्ट १९४४ मध्ये आडारकरांनी सादर केलेल्या अहवालाचा विस्तार होऊन एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. बेव्हरिज यांच्या आराखड्यात आजारपण, अपघात आणि बेकारी या तिन्ही आपत्ती एकाच छत्राखाली होत्या. भारतीय कायद्यात आजारपण, प्रसूती, कामावरचे अपंगत्व आणि अपघाती मृत्यूनंतर आश्रितांचे निवृत्तिवेतन आले, आणि बेकारी बाहेर राहिली.

या कायद्याखाली स्थापन झालेल्या महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. सी. एल. कटियाल हे लंडनच्या फिन्सबरी भागाचे महापौर राहिलेले डॉक्टर होते आणि तेथील कामगार वस्तीसाठी १९३८ मध्ये उघडलेल्या आरोग्य केंद्राच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते झाला आणि दिल्लीतही ती त्याच दिवशी लागू झाली. त्यानंतर जुलै १९५४ मध्ये, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या नागपुरात, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये मुंबईत ती आली. आरंभी वीस वा अधिक कामगार असलेले, यंत्रशक्तीवर चालणारे बारमाही कारखाने आणि महिना ४०० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्या कक्षेत होते. वेतनाची ही मर्यादा वाढत वाढत जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपयांवर आली. कामगाराच्या पगारातून कापली जाणारी आणि मालकाने आपल्याकडून भरायची रक्कम, म्हणजे वर्गणी किंवा अंशदान, हा या योजनेचा पाया होय. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे.

योजनेची रचना दुहेरी होती आणि तिच्या गुणदोषांचा मोठा भाग या दुहेरीपणातून येतो. औषधोपचाराची जबाबदारी राज्य सरकारकडे राहिली, तर रोख लाभ केंद्रीय महामंडळाच्या स्थानिक कार्यालयांतून दिले जात. नागपुरात सरकारी पगारी डॉक्टरांचे दवाखाने उघडले गेले. मुंबईत मात्र चाळीचाळींतून आधीच दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना नोंदवून घेण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि त्यांना ‘पॅनल डॉक्टर’ हे नाव पडले. मोठ्या आजारासाठी परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, आणि वरळी, मुलुंड, कांदिवली येथील ‘कामगार हॉस्पिटले’ होती. आजारी कामगाराला प्रथम पॅनल डॉक्टरकडून दाखला घ्यावा लागे, आजार लांबल्यास पुन्हा पुन्हा मधले दाखले घ्यावे लागत आणि बरे झाल्यावर ‘फिट’चा अखेरचा दाखला घ्यावा लागे, या दाखल्यांवर दावा भरून तो स्थानिक कार्यालयाच्या खिडकीवर द्यायचा, तेथील कारकून विमा क्रमांकावरून वर्गणीची नोंद ताडून पाही आणि मग पैसे मिळत. ‘फिट’ मिळाले पण गिरणीने कामावर घेतले नाही, किंवा अशक्तपणा असताना ‘फिट’ मिळाले, की कामगार पगार आणि लाभ या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडे. डॉक्टर खोटे दाखले देतात, या संशयापोटी दाखल्याची फेरतपासणी करणारे वैद्यकीय निर्देशी, म्हणजे महामंडळाचे स्वतःचे तपासणी डॉक्टर, नेमले गेले. त्यांच्यापुढे गैरहजर राहणाऱ्याचा लाभ थांबू शकत असे.

हा लाभ किती मिळतो, याचे गणित समजून घेतल्याशिवाय दाव्याचे स्वरूप कळत नाही. आरंभी आजारपणाचा लाभ वर्षात ५६ दिवस आणि मजुरीच्या सुमारे निम्म्या दराने मिळे. आज तो ९१ दिवसांपर्यंत आणि ७० टक्के दराने मिळतो, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला हक्क ठरतो. कामावरच्या अपघाताला मात्र वर्गणीच्या दिवसांची अट नाही; तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमचे अपंगत्व राहिल्यास वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते. उदाहरणादाखल, ज्याची सरासरी मजुरी दिवसाला ५०० रुपये आहे, त्याचा पूर्ण दर ४५० रुपये होतो, आणि अंगठा गेल्यामुळे ३० टक्के क्षमता घटली असे ठरल्यास त्याला दिवसाला १३५ रुपये आजन्म मिळतात, मग तो पुन्हा कामावर गेला तरीही. या लाभाच्या बदल्यात मालकावर वेगळा भरपाईचा दावा करण्याचा हक्क कामगाराने गमावला. मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येते.

बोट तुटल्याची तारीख आणि वेळ अपघात नोंदवहीत लिहिता येते. कापसाच्या धुळीने फुप्फुस निकामी होण्याला तारीख नसते. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराचे वैशिष्ट्य असे की आरंभी साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता ती सैल पडते. पुढे दम कायमचा लागतो. साचेखात्यातील गोंगाटाने येणारा बहिरेपणाही असाच हळूहळू वाढतो. हे दोन्ही विकार कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत, म्हणजे त्यांना कामावरच्या इजेचा दर्जा आहे. तरी विडी ओढणारा कामगार दम्याने आजारी आहे की कापसाने, हे ठरवताना शंकेचा फायदा त्याला क्वचितच मिळाला. यादीत रोगाचे नाव असणे आणि त्या रोगाचा दावा मंजूर होणे यांत मुंबईच्या गिरणगावात फार मोठे अंतर राहिले.

बेकारीचा प्रश्न या काळात निराळ्याच वाटेने हाताळला जात होता. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या चारही अवस्थांत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख एकाच वाक्यात केला, पण ते न्यायालयात मागता न येणारे मार्गदर्शक तत्त्व राहिले. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या काळात निम्मी मजुरी आणि कपात झाल्यास नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची मजुरी देण्याचे बंधन आले; हे ओझे पुन्हा मालकावरच होते आणि बुडालेल्या मालकाकडून ते वसूल होत नसे. सेवायोजन कार्यालयांत नाव नोंदवून कार्ड मिळे, नोकरीसाठी ‘कॉल’ आला तर येई, भत्ता मात्र मिळत नसे. महाराष्ट्राने ग्रामीण भागासाठी वेगळा विचार केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोगादाखल सुरू झालेली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. अशा रीतीने मुंबईचा नोकरदार गावातल्या बेकाराच्या कामासाठी दरमहा कर देत होता, पण त्याच्या स्वतःच्या बेकारीसाठी कोणतीही तजवीज नव्हती.

ही उणीव १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने उघडी पाडली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. राज्य विमा कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार संपाच्या दिवसासाठी सर्वसाधारणपणे आजारपणाचा वा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळत नसे. शिवाय वर्गणी पगारातून कापली जात असल्यामुळे पगार थांबला की वर्गणीही थांबे आणि काही महिन्यांनी आजारपणाचा हक्कही संपुष्टात येई. संपानंतर हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही, आणि ज्यांची नोंद ‘बदली’ म्हणून होती, म्हणजे जे कायम कामगाराच्या गैरहजेरीत दिवसागणिक कामावर घेतले जात, त्यांच्याजवळ नोकरी गेल्याचा कागदही नव्हता. केंद्र सरकारने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी काढला आणि गिरणी कायमची बंद झाल्यास पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम देऊ केली. त्यासाठी गिरणी अधिकृतपणे बंद ठरणे आवश्यक होते. मुंबईतील कित्येक गिरण्या वर्षानुवर्षे आजारी उद्योग म्हणून पुनर्वसनाच्या फायलीत पडून राहिल्या. भोंगा वाजत नव्हता, पण कागदोपत्री गिरणी बंद नव्हती, आणि म्हणून कामगार कागदोपत्री बेकारही नव्हता.

विमेदार कामगाराला बेकारीचा भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून लागू केली. कारखाना बंद पडल्याने, कपातीने, किंवा कामाबाहेरच्या कारणाने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर हा भत्ता मिळू शकत होता. आरंभी पाच वर्षांच्या वर्गणीची अट आणि सहा महिन्यांची मुदत होती, पुढे अट शिथिल झाली आणि मुदत वाढली. अपंगत्व आणि बेकारी ही दोन संकटे एकाच माणसावर एकदम येतात, हे या तरतुदीने प्रथमच मान्य केले. १ जुलै २०१८ पासून आलेल्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेने बेकारीचे कारण अधिक व्यापक धरले, पण मजुरीच्या फक्त २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच, अशी मर्यादा घातली. त्यातही दावा पूर्वीच्या मालकामार्फत पाठवायचा होता आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे होते. २०२० च्या टाळेबंदीत लाखो लोकांचे काम सुटल्यावर दर ५० टक्के करण्यात आला, बेकारीचे ९० दिवस पूर्ण होण्याऐवजी ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला, तो थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा मिळाली आणि वर्षअखेरीस प्रतिज्ञापत्राची अटही गेली. म्हणजे जी बंधने फसवणूक टाळण्यासाठी अपरिहार्य मानली जात होती, ती काही महिन्यांत काढता आली.

या इतिहासाचा निष्कर्ष कामगार विम्याच्या बाजूने आणि विरोधात असा दोन्ही अंगांनी निघतो. लोखंडे यांनी मागितलेली जन्मभराच्या चरितार्थाची तजवीज, टक्केवारीच्या हिशेबाने का होईना, विमेदार कामगाराच्या पदरात पडली आणि एकरकमी भरपाईपेक्षा ती निश्चितच टिकाऊ ठरली. परंतु बेकारीच्या बाबतीत कायदा नेहमी संकट ओसरल्यावर आला: गिरण्या बंद पडत होत्या तेव्हा भत्ता नव्हता, आणि भत्ता आला तेव्हा गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहू लागले होते. आजही कंत्राट संपलेला, वेतनपत्रकावर नाव नसलेला किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात राबणारा कामगार सहसा या चौकटीच्या बाहेरच असतो. वर्गणीची नोंद आता संगणकावर महिन्याच्या महिन्याला होते आणि ती थांबल्याचे महामंडळाला कामगाराच्या आधी कळू शकते. अशा वेळी नोकरी गेल्याचा पुरावा आणण्याचा भार कामगाराच्या डोक्यावर ठेवण्याला प्रशासकीय कारण उरलेले नाही. तो भार तसाच ठेवणे हा आता निव्वळ धोरणाचा निर्णय आहे, आणि त्याचा जाब धोरण ठरवणाऱ्यांनाच विचारला पाहिजे.